हायड्रोजनवाल्या विलासकडे, विजेच्या गाडीने

मागच्या महिन्यात या ब्लॉगवर एका वाचकाने विचारलं होतं, "काका, नवीन गाडी घ्यायची आहे. इलेक्ट्रिक घेऊ की हायड्रोजनची येईपर्यंत थांबू? ऊर्जा वाचवण्यात कोण सरस?" काका म्हटल्याचा राग गिळून मी उत्तर लिहायला बसलो. बत्तीस वर्षं एका वाहन कंपनीच्या चाचणी विभागात काढली आहेत, तेव्हा हा प्रश्न म्हणजे आपल्या घरचंच कार्य. जुनी फाइल काढली. त्यात नेमक्या याच विषयावरचा माझाच पाच वर्षांपूर्वीचा अहवाल होता. आकडे उतरवून घ्यायचे आणि मोकळं व्हायचं, इतकाच बेत होता. पण पानाच्या तळाशी नजर गेली आणि ते उत्तर काही त्या दिवशी लिहून झालं नाही.

आमच्या विभागात एक रीत होती. चाचणीचा कागद दोन सह्यांशिवाय पुढे सरकायचा नाही. 'चाचणी केली' समोर करणाऱ्याची सही आणि 'तपासले' समोर शेजारच्या टेबलावरच्याची, म्हणजे तुमचा आकडा चुकला तर ज्याला मनापासून आनंद होईल अशा माणसाची. माझ्या शेजारी विलास बसायचा. एकोणीस वर्षं त्याने माझे कागद तपासले आणि मी त्याचे. शेवटची सहा वर्षं माझं टेबल बॅटरीचं होतं, त्याचं हायड्रोजनचं. डबा उघडला की भांडण सुरू, आणि डबा संपला तरी ते संपायचं नाही. या कागदावर मात्र 'तपासले' समोर विलासची सही नव्हती. नुकत्याच रुजू झालेल्या एका इंजिनिअरची होती, ज्याने तो कागद वाचलाही नसावा. विलास मुलीच्या ॲडमिशनसाठी दोन दिवस रजेवर होता, आणि मी दोन दिवस थांबलो नाही.

अहवाल गेला. महिन्याभरात हायड्रोजनचं टेबल बंद झालं. त्याच्या हाताखालची अकरा माणसं इकडेतिकडे पांगली आणि विलास राजीनामा देऊन मोहोळजवळच्या आपल्या गावी गेला. त्यानंतर आमचं बोलणं नाही. मी रिटायर झालो, विजेची गाडी घेतली. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेली ती आठ महिने तिकडेच आहे. घरात भांडायला कोणी नाही, ही तक्रार पुण्यात कोणाकडे करणार? लोक म्हणतात, नशीबवान आहात.

फोन केला. विलासने दोनच वाक्यं उच्चारली: "घर तेच आहे. मंगळवारी या."

पहिला दिवस

मंगळवारी सकाळी सहाला विश्रांतवाडीतून निघालो. रात्रभर पार्किंगमधल्या सॉकेटला लावलेली गाडी ताजीतवानी होती, चालक मात्र तीनदा उठून पाणी प्यायलेला. मागच्या सीटवर फाइल आणि एक पिशवी. पिशवीत लेंगा, सदरा आणि टूथब्रश. विलास "राहाच आज" म्हणेल असं मी धरून चाललो होतो. बायकोने फोनवर विचारलं, "कोणाबरोबर जाताय?" मी म्हटलं, "गाडीबरोबर." "मग तिला वेळेवर खायला घाला," म्हणाली आणि बाळ रडलं म्हणून फोन ठेवला.

जाणाऱ्यांसाठी सूचना: येरवडा, मुंढवा करत हडपसरला साडेसहाच्या आत पोचा. त्यानंतर निघालात तर बॅटरीआधी तुमची सहनशक्ती संपेल. लोणी काळभोरपाशी उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, त्यांच्या मागे दिवा असण्याची अपेक्षा ठेवू नका. यवतला थांबून पोहे आणि चहा घेतला. डिसेंबरची थंडी होती, काचेवर दव होतं आणि बाकड्यावर मी एकटाच. चहावाल्याने न विचारता दुसरा कप भरून दिला, त्याचं मला नको इतकं बरं वाटलं.

पाटसचा टोल ओलांडला की रस्ता सरळ आणि सपाट. इथे गाडी ताशी ऐंशीवर ठेवा. शंभरवर नेलीत की हवा ढकलण्यातच वीज जाते आणि वाचलेली वीस मिनिटं पुढे चार्जरपाशी परत द्यावी लागतात. माझी गाडी युनिटला सात किलोमीटर दाखवत होती. सात! हा आकडा मी वर्षभर सोसायटीत सगळ्यांना ऐकवला आहे. सेक्रेटरी तर मला पाहिलं की जिन्याने जातात.

खरं तर हाच प्रवास हायड्रोजनच्या गाडीने करून तुलना मांडायला मजा आली असती. पण ती गाडी तुम्हाआम्हाला विकत मिळत नाही, आणि मिळाली असती तरी या रस्त्यावर ती भरायला जागा नाही. तेव्हा ती बाजू कागदावरच राहते.

इंदापूरच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहेत. दोनपैकी एक बंद होता, दुसऱ्यावर गाडी लावली. पन्नास मिनिटं दाखवत होतं. शेजारी एक रिकामा टेम्पो उभा होता. मार्केट यार्डात डाळिंबं उतरवून त्याचा चालक परत सांगोल्याला निघाला होता. पन्नाशीचा, डोक्याला मफलर. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "सायेब, ही हायड्रोजनवरची हाय का?"

"नाही हो. साधी विजेची."

"मोबाईलवर दावत होते, पान्यावर चालनारी गाडी येनार हाय म्हनून."

मग मला राहवलं नाही. पाण्यावर नाही हो, म्हटलं. आधी वीज लावून पाणी फोडायचं, त्यातून हायड्रोजन काढायचा. तो प्रचंड दाबाने टाकीत कोंबायचा, वाहून न्यायचा, गाडीत भरायचा. आणि गाडीत बसलेलं यंत्र त्याची पुन्हा वीज करणार, त्यावर मोटर फिरणार. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं गळतं. शंभर युनिट घेऊन निघालात तर चाकापर्यंत साधारण तीसेक पोचतात. तीच शंभर युनिटं सरळ बॅटरीत भरलीत तर सत्तरच्या वर पोचतात.

त्याने विडी पेटवली. मग म्हणाला, "म्हंजी इजेचा वायू करायचा आन् वायूची परत वीज. मंग वीजच का न्हाई भरायची?"

"तेच तर!" मी जवळजवळ ओरडलोच. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं.

"पन ती भरायला किती येळ?"

"पाच मिनिटं."

"आन् ही?"

मी चार्जरकडे पाहिलं. अजून एकतीस मिनिटं होती.

"आन् चार टन माल घालून ही वड्डंल का? बॅटरीचंच वजन किती व्हईल?" त्याने विडी चपलेखाली विझवली. "मोटारीला ऱ्हाऊ द्या तुमची. माज्यासाटी ती पान्याची बरी."

तो गेला. हेच वाक्य, फक्त जरा शुद्ध मराठीत, विलास सहा वर्षं मला डब्याच्या टेबलावर सांगत होता. उरलेली एकतीस मिनिटं मी गाडीत काच वर करून बसलो. पाच सीटच्या गाडीत एका माणसाला किती जागा उरते हे उभ्या गाडीत जास्त कळतं. बोलायला शेजारी विलास हवा होता, हे मला तिथे अगदी उघड उघड वाटलं.

सरडेवाडी आणि वरवडेचे टोल, मग मोहोळ. टेंभुर्णी ते मोहोळ मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होतो. गाव हायवेपासून आत सहा किलोमीटर आहे, रस्ता अरुंद पण बरा, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. पाऊण वाजता त्याच्या दारात पोचलो.

विलास ओट्यावर पाय पसरून बसला होता, पुढ्यात सौर पंपाचा उघडलेला कंट्रोलर. हल्ली आसपासच्या गावांतले पंप तो दुरुस्त करतो. केस सगळे पांढरे झालेत. "या," म्हणाला. "गाडी लिंबाखाली लावा, बॅटरी तापेल." एकोणीस वर्षं अरे-तुरे केलेल्या माणसाने मला 'या' म्हटल्यावर भाषणाचा पहिला परिच्छेद तिथेच गळाला.

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, त्या पाचशिवाय येणार नव्हत्या. त्याने पाणी दिलं, चहा केला. मुलींच्या चौकशा झाल्या. मग बोलायला काही उरलं नाही तेव्हा त्याने गाडीकडे पाहून विचारलं, "किती देते?"

"युनिटला सात."

"सात कुठून मोजून?"

"म्हणजे? स्क्रीनवर दिसतं."

"स्क्रीनवर बॅटरीतून बाहेर पडलेली दिसते. भिंतीतून किती घेतली?"

घरचं सॉकेट ते बॅटरी या वाटेत चार्जर तापतो, बॅटरी तापते, वीज गळते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ते मोजलं नव्हतं.

"फाइल आणलीय ना?" तो म्हणाला. "आणली असणारच तुम्ही."

आणली होती. त्याने खिशातून पेन्सिल काढली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचायला लागला. मी समोर बसून जुन्या सवयीने त्याच्या पेन्सिलीकडे बघत राहिलो. पेन्सिल थांबली की काहीतरी सापडलं, हे मला माहीत आहे. ती दुसऱ्या पानावर थांबली. पाच मिनिटंही झाली नव्हती.

"हे बघा. हायड्रोजनची वीज तुम्ही पाणी फोडणाऱ्या यंत्राच्या प्लगपासून धरलीय. बॅटरीची धरलीय बॅटरीपासून. चार्जिंगमधली गळती गेली कुठे? माझी शर्यत गावाच्या वेशीपासून आणि तुमची शाळेच्या फाटकापासून."

बरोबर होतं. इतकं बरोबर की मला कानापर्यंत गरम झालं. हायड्रोजनची प्रत्येक गळती मी भिंगातून शोधली होती आणि माझ्या बाजूची एक अख्खी पायरी विसरलो होतो. आमच्या धंद्यात ही चूक ज्याला निकाल आधीच हवा असतो त्याच्याकडूनच होते.

"निकाल बदलतो का?" मी विचारलं.

"छे. मोटारीत हायड्रोजन हरतोच. तुमचं दुपटीच्या बरंच वर आलंय, ते थोडं खाली येईल, एवढंच." त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "मला रजेवर जायच्या आधीच ठाऊक होतं. माझ्या वहीतला हायड्रोजनचा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा वाईट होता."

हे मला नवीन होतं.

"सोमवारी येऊन माझ्या अकरा जणांना मी सांगणार होतो. मोटारीचा नाद सोडू, ट्रकचं धरू, तिथे आपलं काहीतरी चालेल. साहेबांना द्यायचा अर्ज लिहून ठेवला होता. आलो तर तुमचा अहवाल वर गेलेला, आणि आमच्यावर कुऱ्हाड येणार हे शिपायालासुद्धा माहीत झालेलं. पोरं मला विचारायला लागली, सर, तुम्हाला हे माहीत होतं का? काय सांगू? हो म्हणावं तर लपवलं. नाही म्हणावं तर खोटं."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मी भाषण शोधत होतो, सापडलं नाही. मग जे होतं ते सांगितलं. शुक्रवारी मोठ्या साहेबांची बैठक होती आणि त्या बैठकीत कागद माझ्या हाताने टेबलावर पडावा असं मला वाटत होतं. थांबलो असतो तर तू चूक काढली असतीस, दुरुस्तीत आठवडा गेला असता. तू रजेवर गेलास तेव्हा मला बरंच वाटलं होतं, विलास. चुकलं माझं.

"हं," तो म्हणाला.

मी फाइल त्याच्याकडे सरकवली. 'तपासले'च्या खाली जागा होती. इतक्या लांब मी त्यासाठीच आलो होतो, आणि हे मागताना आपण किती बावळट दिसतो आहोत हेही कळत होतं. त्याने कागदाकडे पाहिलं, फाइल मिटली आणि माझ्याकडे परत दिली.

"ही सही त्या आठवड्यात लागत होती. आता कोणाच्या कामाची? चला, जेवून घ्या."

कडक भाकरी, शेंगांची चटणी, घट्ट दही, कच्चा कांदा. चटणी खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. सोलापूरकडे जाणार असाल तर दुकानातून पाकीट आणण्यापेक्षा कोणाच्या घरी खायला मिळाली तर बघा. जेवताना आम्ही पंपांबद्दल बोललो. अडीच वाजता त्याला शेजारच्या गावी कंट्रोलर बसवायला जायचं होतं. तो फाटकापर्यंत आला. पिशवीतल्या लेंग्याचा विषय निघाला नाही.

मी गाडीत बसल्यावर तो खिडकीशी वाकला. "परत येऊ नका असं मी म्हणत नाही. पण कागद घेऊन येऊ नका. कामं घेऊन येणारी माणसं इथे रोज येतात."

संध्याकाळी सोलापुरात स्टेशनजवळ खोली घेतली. खाली चार्जर होता म्हणून. रात्री जेवायला गेलो तर वेटरने विचारलं, "किती जण?" एक म्हटल्यावर त्याने चौघांच्या टेबलावरून तीन ग्लास उचलून नेले.

दुसरा दिवस

सकाळी लवकर निघून भिगवणला थांबलो. उजनीच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी येतात, ते बघायला पुण्याहून लोक शनिवार-रविवारी गर्दी करतात. बुधवारी फारसं कोणी नसतं. होडीवाला काठावर बसला होता. म्हणाला, "अजून कोन येनार हाय का? दहा जन मावत्यात." नाही म्हटलं. भाडं अख्ख्या होडीचं असतं, माणसांवर नसतं, तेव्हा जाताना चार मित्र बरोबर न्या. नसतील तरी सकाळी गेलात तर काठावरच एखाद्या कुटुंबात मिसळता येतं. मी मिसळलो नाही.

पक्षी सुंदर होते. शेकड्यांनी उभे होते, गुलाबी, पाण्यात माना घालून. होडीवाल्याने इंजिन बंद केल्यावर त्यांचा कलकलाट स्पष्ट ऐकू आला. मला मात्र सारखं एकच सुचत होतं, की आम्ही दोघांनीही, मी आणि विलासने, गाडीची कार्यक्षमता मोजताना गाडीत बसलंय कोण हे कधी विचारात घेतलं नाही. एवढं वजन एका माणसासाठी पुण्याहून मोहोळला नेलं आणि तो माणूस रिकाम्या हाताने परत निघाला. हा आकडा कुठल्या रकान्यात भरायचा ते मला माहीत नाही. काठावर चिलापीचं कालवण आणि भाकरी खाल्ली. कालवण उत्तम आहे, काटे जपून.

दुपारी तीनला घरी. हडपसरला पाऊण तास गेला, तो कुठल्याही इंधनावर गेला असता.

घरी आल्यावर

त्या रात्री गाडी लावण्याआधी सॉकेटवर मीटर बसवला. आधी का बसवला नव्हता याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते चांगलं नाही. सकाळी पाहिलं. बॅटरीत चाळीस युनिट भरायला भिंतीतून सेहेचाळीस लागली होती. म्हणजे माझी गाडी युनिटला सात देत नाही, सहा देते. सोसायटीच्या ग्रुपवर दुरुस्ती टाकली. सेक्रेटरींनी अंगठा दाखवला, कुठल्या अर्थाने ते समजलं नाही.

तर ज्याने प्रश्न विचारला होता त्याला उत्तर: बाबा रे, थांबू नकोस, विजेची घे. घरात सॉकेट असेल, रोज पन्नास-साठ किलोमीटर असतील, तर विचारही करू नकोस. हायड्रोजनच्या वाटेवर वीज इतकी सांडते की मोटारीसाठी ती चैन आहे. ट्रकचं काय होईल ते मला नक्की सांगता येत नाही. ते सांगणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे, पण त्याला मी पाच वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. आणि स्क्रीनवरचा आकडा कोणाला सांगू नकोस, भिंतीवरचा सांग.

प्रवासातून काय राहिलं, याचा विचार दहा दिवस करत होतो. माफी मिळाली असं मला म्हणता येत नाही. त्याने कागद परत दिला आणि पोटभर जेवायला घातलं, यातलं कुठलं खरं धरायचं ते कळेना. घरात टीव्ही लावून ठेवायचो, आवाज असावा म्हणून. दोनदा त्याचा नंबर काढला आणि दोन्ही वेळा सांगायला काही कारण नाही म्हणून ठेवून दिला.

काल संध्याकाळी कारण नसतानाच लावला.

"बोला," तो म्हणाला. "काय काम होतं?"

"काही नाही."

"भिंतीवरचा आकडा आला का?"

"आला. पण त्यासाठी नाही केला."

"मग?"

"मग काही नाही. असाच."

मला वाटलं, ठेवला. मग तो घाईने म्हणाला, "थांबा जरा, दूध वर आलं," आणि फोन ओट्यावर आपटल्याचा आवाज झाला. गॅसचं बटण फिरलं. पातेलं सरकलं. कुठेतरी नळ सुरू झाला, बंद झाला. आतून वहिनींनी विचारलं, "कोणाचा फोन आहे?"

"पुण्याहून आहे," विलासचा आवाज आला, लांबून. "असू दे. थांबलाय तो."

मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो.